तड्यावरची काच

प्लॅस्टरला मुंग्या लागल्या होत्या.

बारीक, तांबड्या मुंग्या. भिंतीच्या तळातून निघून, तड्याच्या कडेकडेनं वर चढत, मी लावलेल्या काचेपाशी येऊन थांबलेल्या. माझ्या एका हातात कॉफीचा टंबलर होता, दुसऱ्या हातात वही. चौकातलं ऊन सरकत सरकत भिंतीवर आलं होतं आणि काच त्यात हलकेच चमकत होती. पलीकडच्या घरात कोणीतरी वीणेची एकच तार पुन्हा पुन्हा छेडून सूर लावत होतं, आणि तो काही केल्या लागत नव्हता. दुपारचे अडीच वाजलेले. जेवण झालेलं. कारकून सांदूत त्या वेळेला सगळंच अर्धवट झोपेत असतं, मीसुद्धा त्याला अपवाद नव्हते. मी वहीत ‘नो मूव्हमेंट’ असं लिहायला पेन उघडलं होतं. सलग तिसऱ्यांदा.

आणि मग माझ्या जड डोक्यात एक अगदी साधा प्रश्न आला. जिप्समच्या प्लॅस्टरला मुंग्या कशा लागतील?

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. घर कसं दिसेल हे आर्किटेक्ट सांगतो, ते उभं राहील की नाही हे मला सांगावं लागतं. जन्म तंजावूरचा, कॉलेज आणि पुढची सव्वीस वर्षं नोकरी पुण्यात. आई गेल्यावर परत आले आणि राजवाड्याच्या मागच्या बाजूला एका खोलीत ऑफिस थाटलं. इथले मराठी लोक माझ्या मराठीला हसतात. पुण्यात माझ्या तंजावुरी मराठीला हसायचे. दोन्हीकडे मी करमणुकीचं साधन आहे, हे एकदा मान्य केलं की त्रास होत नाही.

कारकून सांदू म्हणजे कारकुनांचा बोळ. सांदू हा तमिळ शब्द, पण आमच्यात तोच चालतो. अकरा घरं, एकाला एक लागून. मधल्या भिंती सामाईक. समोर प्रत्येकाला तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा. कौलारू छप्परं, मध्ये उघडा चौक, मागे परस. एकेकाळी राजवाड्यातले लिहिणारे इथं राहत असत. आता मराठी घरं सहा उरली आहेत, बाकीची तमिळ. संध्याकाळी तिण्णैवर बसलेल्यांत कोण कोणतं हे कानानं ओळखता येत नाही, कारण सगळेच दोन्ही भाषा एका दमात बोलतात.

या सांदूत एक गोष्ट मी दुसरीकडे पाहिलेली नाही. शेजारच्या दोन घरांमधल्या सामाईक भिंतीत, स्वयंपाकघराच्या उंचीला, एक लहान चौकोनी खिडकी असते. हातभर रुंद, हातभर उंच. तिला गज नाहीत. तिला सगळे नुसतं ‘जन्नल’ म्हणतात, म्हणजे तमिळमध्ये खिडकी. घराच्या बाकीच्या खिडक्यांना वेगळी नावं आहेत, पण जन्नल म्हटलं की हीच. तिच्यातून इकडची भाजी तिकडे जाते, तिकडचं ताक इकडे येतं. पहिल्या घरात केलेला गोड पदार्थ दारातून बाहेर न पडता अकराव्या घरापर्यंत पोचू शकतो. भांडं परत जाताना रिकामं जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी असते. आणि दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात फुटली, तर ती नवी करून मगच परत द्यायची. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण मोडल्याचं कोणाला आठवतही नाही.

माझं काम निघालं ते रहिवासी संघामुळे. संघाचे सेक्रेटरी राघवेंद्र राव पोस्टातून निवृत्त झालेले. जुन्या गल्ल्या जतन करण्याची एक सरकारी योजना होती आणि त्यात कारकून सांदूचं नाव लागावं म्हणून ते चार वर्षं एका फायलीमागे हिंडत होते. नाव लागलं की सांदूत कोणालाही घराची उंची वाढवता येणार नाही, तिण्णै तोडता येणार नाही. घाई होती, कारण तोंडावरचं पहिलं घर विकलं गेलं होतं. घेणाऱ्याला तिथं तीन मजली लॉज बांधायचा होता आणि त्याचा प्लॅन मंजुरीच्या रांगेत होता. आधी फाईल पोचते की आधी प्लॅन, अशी शर्यत लागली होती.

योजनेची एक अट होती. प्रत्येक घराचं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट हवं. म्हणजे हे घर सुरक्षित उभं आहे असं इंजिनियरनं सही करून सांगायचं. आणि इथं भिंती सामाईक, त्यामुळे एक भिंत नापास झाली की सगळी रांगच अडते.

नऊ सामाईक भिंती पास झाल्या. अडली ती दहावी, आमच्या मोजणीत सहा नंबरची. कमलाक्का आणि अण्णा यांच्या मधली.

कमलाक्का सत्तरीच्या, एकट्या. अण्णांचं नाव व्यंकटराव, पण ते नाव फक्त लाइट बिलावर असतं. तेही एकटे. अण्णा तंजावूर चित्रं करतात. लाकडी फळीवर देवाचं चित्र, दागिन्यांच्या जागी उठाव काढून त्यावर सोन्याचा वर्ख, मधे मधे काचेचे तुकडे बसवलेले. सकाळी जन्नलमधून अक्कांची कॉफी अण्णांकडे जाते आणि अण्णांचा पेपर अक्कांकडे येतो. दिवसभरात आणखी काय काय ये-जा होते ते मी मोजलं नाही, पण त्या खिडकीची खालची कड हातांनी घासून गुळगुळीत झालेली आहे.

या जन्नलच्या वरच्या कोपऱ्यातून एक तडा तिरका वर गेला होता. करंगळीचं नख जेमतेम जाईल एवढा.

तडा दिसला की लोक घाबरतात. घाबरायचं कारण तड्याच्या रुंदीत नसतं, तो वाढतो आहे का यात असतं. काही तडे म्हातारे असतात, पन्नास वर्षांपूर्वी पडून शांत झालेले. काही जिवंत असतात. हे ओळखायला आमच्याकडे एक जुना, स्वस्त उपाय आहे. त्याला टेल-टेल म्हणतात. काचेची एक पातळ पट्टी घ्यायची आणि तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं जिप्समच्या प्लॅस्टरनं भिंतीला चिकटवायची. काच ताणली जात नाही. भिंत केसभर जरी हलली तरी ती तडकन मोडते. काच शाबूत, तर तडा म्हातारा. काच मोडली, तर तडा जिवंत. शेंबड्या पोराला कळेल इतकं सोपं आहे.

पण हे मी अक्कांना आणि अण्णांना सांगितलं नाही. तुम्हाला आत्ता सांगितलं तेवढं जरी तेव्हा त्यांना सांगितलं असतं, तरी हा लेख लिहायची वेळ आली नसती.

काच लावताना माझ्याबरोबर एक मेस्त्री होता. तो जन्नलच्या कडेला भिंत ठोकत तमिळमध्ये म्हणाला, “हे भोक बुजवून टाका मॅडम, विटा भरून. मग काच पण नको नि काही नको.” मी विचारात होते. “काच मोडली तर बघू,” म्हणाले आणि पट्टीवर मार्करनं तारीख घालून निघाले. मागे अक्का उभ्या होत्या, आणि जन्नलच्या पलीकडे अण्णांचा चष्मा दिसत होता. माझं तिकडे लक्ष नव्हतं.

त्यानंतर दर दुसऱ्या बुधवारी मी जायची. आदल्या दिवशी फोन करून, नाहीतर अक्कांना राग यायचा.

“येतो म्हणून आधी सांगिटलीस तर चार लोकांचा भात टाकते,” त्या म्हणायच्या. “एकटी किती खाऊं मी?”

मग भात, चिंचेचं वत्तकुळंबू, एखादी कोशिंबीर, शेवटी ताक. जन्नलमधून अण्णांकडचं लोणचं. जेवून तिण्णैवर पाठ टेकली की समोरच्या कौलांवरचे पारवे, दूरवरून येणारी देवळाची घंटा, कोणाच्यातरी मिक्सरचा आवाज, सगळं एकात एक मिसळून जायचं. मला माझं लहानपण आठवायचं, आणि त्यातलं किती खरं नि किती मी नंतर रचलं हे कळायचं नाही. पुण्यात इतकी वर्षं मी साइटवर बूट घालून आरडाओरडा केला. इथं मी अनवाणी, हातात कॉफी घेऊन भिंती वाचत होते. फार सुखाचे दिवस होते ते. काम करतो आहोत असं वाटतच नव्हतं, आणि खरं म्हणजे मी करतही नव्हते.

प्रत्येक वेळी अण्णा जन्नलमधून डोकावून विचारायचे, “इंजिनियर अम्मा, काच बेस आहे कां?”

“बेस आहे अण्णा.”

“सरि, सरि,” म्हणून चष्मा नाहीसा व्हायचा.

असे दोन बुधवार गेले आणि तिसऱ्याला मुंग्या निघाल्या.

मी टंबलर खाली ठेवला आणि प्लॅस्टर नखानं खरवडलं. जिप्सम ठिसूळ असतं, भुकटी होऊन पडतं. हे चिवट होतं. वास घेतला. कुठंतरी ओळखीचा, आंबटगोड. मग मी तारखेकडे पाहिलं. तारीख माझीच, मी लावली त्या दिवसाची. आकडे माझेच, माझा चार वरून उघडा असतो तसाच उघडा. पण माझ्या अक्षराला असला डौल जन्मात कधी नव्हता. मी जवळ जाऊन पाहिलं. ते मार्करनं लिहिलेलं नव्हतंच. बारीक कुंचल्यानं काढलेलं होतं.

वीणेचा सूर एकदाचा लागला बहुतेक, कारण पलीकडे सगळं शांत झालं. माझी झोप पार उडाली होती.

“अण्णा,” मी जन्नलमधून हाक मारली. “ही काच कोणाची?”

मग चष्मा आला.

“तुमचीच, अम्मा.”

“माझी काच कुठं आहे?”

अण्णांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का पदराला हात पुसत उभ्या होत्या. शेवटी त्याच बोलल्या.

“मोडली ती. तू लावून गेलीस, आणि दोन-तीन दिवसांत मोडली. आमच्या घरांत पाहुण्याची वस्तु मोडली, तर आमी तशीच ठेवूं कां? अण्णांला सांगिटलं. त्यांनी तशीच दुसरी करून लावली.”

“किती वेळा?”

“सुम्मा, उगी एकदोनदा,” अक्का म्हणाल्या.

“पांच वेळ,” अण्णा म्हणाले. खोटं बोलणं त्यांना मुळात जमत नसावं. फक्त न बोलणं जमत होतं.

प्लॅस्टर म्हणजे त्यांच्या चित्रांवर उठाव काढायचा मसाला होता. खडूची पूड आणि चिंचोक्याची खळ. “लवकर धरावं म्हणून थोडा गूळ घातलों,” त्यांनी कबूल केलं. काच तर घरात होतीच, आयुष्यभर तेच कापत आले होते. माझी पट्टी जरा वाकडी कापलेली होती, तीही त्यांनी तितकीच वाकडी कापली होती.

मला राग आला. इतका, की मी पुण्याच्या साइटवरच्या आवाजात बोलले. “ही भिंत पडली असती म्हणजे? तुम्हा दोघांच्या अंगावर? मी सही करणार होते!”

अक्का खाली बसल्या. “मेस्त्री सांगिटला ना,” त्या म्हणाल्या. “काच मोडली तर जन्नल बुजवणार. तू पण होय म्हणालीस. मग मी कॉफी कोणाला देऊं?”

हे त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. मी ‘बघू’ म्हणाले होते. त्यांनी ते ‘होय’ ऐकलं. आणि सहा आठवडे त्यांच्या हातचं जेवून, मी एकदाही त्यांना विचारलं नाही की तुम्हाला ही काच काय वाटते. शरम रागापेक्षा हळू येते, पण येऊन बसली की हलत नाही.

तेवढ्यात अण्णा आत जाऊन एक जुना बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. जन्नलमधून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. आत पाच कागदी पुड्या. प्रत्येकीत मोडक्या काचेचे दोन तुकडे, आणि वर तमिळमध्ये तारीख नि वार.

“काच टाकवत नाही मला,” ते म्हणाले. “कुठल्यातरी देवाच्या मुकुटाला कामाला येते.”

त्या पाच पुड्या मी जन्नलच्या कडेवर ओळीनं मांडल्या. माझ्या वहीतलं सगळं खोटं होतं, पण अण्णांच्या डब्यातलं खरं होतं. तडा जिवंत होता हे तर झालंच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वार. पाचही काचा शनिवारी सकाळी मोडलेल्या सापडल्या होत्या, कॉफी देताना.

“अक्का, शुक्रवारी तुम्ही काय करता?”

“शुक्रवारी काय? घर धुते. चौक, परस, सगळं. न्हाते. पूजा करते.”

“किती पाणी?”

“हात दुखेपर्यंत,” अण्णा पलीकडून म्हणाले. “माझ्याकडे ऐकूं येतं.”

पूर्वी या सांदूत चौकातलं पाणी एका दगडी पाटानं जायचं. पाट सगळ्या घरांच्या परसातून, सामाईक भिंतींच्या खालून, एका घरातून दुसऱ्यात, शेवटी केळींच्या खाचरात. एकाचं पाणी दुसऱ्याच्या दारातून, हीसुद्धा जन्नलसारखीच गोष्ट. मागच्या वर्षी योजनेच्या पाहणीआधी सांदू नीटनेटका दिसावा म्हणून संघानं तो पाट राडारोड्यानं भरला आणि घरटी एक पीव्हीसी पाइप बसवला. मी अक्कांच्या परसातली फरशी उकलायला लावली. पाइपचा जोड भिंतीच्या बरोबर पायाशी सुटलेला. दर शुक्रवारी अक्का धुवायच्या ते सगळं पाणी पायाखालच्या मातीत. आमची माती चिकण, कावेरीच्या खोऱ्यातली. भिजली की मऊ होते, आणि वरची भिंत बसते. शुक्रवारी भिजायची, रात्रीतून बसायची, शनिवारी काच मोडायची. त्यात जन्नलच्या वरची लाकडी तुळई, म्हणजे भिंतीचं वजन पेलणारी फळी, एका टोकाला कुजलेली. तडा तिथूनच निघाला होता.

म्हणजे सांदू जपायच्या नादात सांदूच्या लोकांनीच भिंतीचा पाया भिजवला होता. मी हे राघवेंद्र रावांना सांगायला गेले.

ते तिण्णैवर फाईल मांडीवर घेऊन बसले होते. फायलीला कापडी दोरी, आणि दोरीला त्यांच्या हाताचा मळ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. पोस्टातल्या माणसाला ऐकायची सवय असते.

“दुरुस्तीला किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“पाट उघडायचा, जोड काढून टाकायचा, तुळई बदलायची. भिंतीला टेकू द्यावे लागतील. मग नव्यानं काच लावून दोन महिने तरी बघायचं. त्यानंतर सही.”

“फाईल सोमवारी जायची आहे, मॅडम.”

“माहीत आहे.”

“तुमच्या दोन रीडिंग माझ्याकडे आहेत. तुमच्याच सहीच्या. तिसरीसुद्धा तशीच लिहा. दुरुस्ती आपण करणारच आहोत. नंतर करूं. भिंत काही उद्या पडत नाही.”

“बहुतेक पडणार नाही,” मी म्हणाले.

“मग?”

“त्या रीडिंग माझ्या नाहीत, राव. अण्णांच्या आहेत. त्यांनी कुंचल्यानं काढलेल्या.”

त्यांना हसू आलं असावं, पण ते हसले नाहीत. “सोमवारी ही गेली नाही, तर लॉजचा प्लॅन आधी मंजूर होतो,” ते म्हणाले. “तीन मजले. सांदूच्या तोंडाशी. चार वर्षं मी कशाकरितां चाललों?”

चार वर्षं त्यांच्या चपला झिजल्या होत्या. मी सहा आठवडे भात खाल्ला होता. मी एवढंच म्हणाले, “तुम्ही जपताय ती गल्ली त्या दोघांच्या अंगावर पडून जपली जाणार नाही.”

त्यांनी फायलीची दोरी बांधली. दोन गाठी मारल्या. आत जाताना म्हणाले, “पुण्याला जाऊन तुमी फार सरळ बोलायला शिकलात.”

मी दोन्ही जुन्या रीडिंग लेखी रद्द केल्या, कारणासकट. ‘टेल-टेल रिप्लेस्ड बाय रेसिडेंट’ असं लिहिलं. त्या खात्यातल्या कोणाला याचा अर्थ लागला असेल असं वाटत नाही. फाईल सोमवारी गेली नाही.

मग आम्ही काम केलं. पाट मोकळा करायला निम्मा सांदू आला. राडारोडा काढताना खालचे दगड दिसू लागले तेव्हा म्हातारी माणसं वाकून वाकून बघत होती, ओळखीचं कोणी वर्षभरानं परत भेटावं तशी. पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा ते अक्कांच्या चौकातून निघालं, भिंतीखालून गेलं आणि अण्णांच्या परसात उगवलं. तिथून पुढं पुढं. प्रत्येक घरातून आवाज येत होता, “आलं. आलं.” उन्हात ते पाणी पिवळट दिसत होतं आणि त्यावर जास्वंदीचं एक फूल तरंगत चाललं होतं. ते फूल कोणी टाकलं ते मला कळलं नाही. मी घटकाभर सगळं विसरून त्याच्याबरोबर चालत राहिले, एका घरातून दुसऱ्या घरात, आणि कोणी मला अडवलं नाही.

जन्नल बुजवावी लागली नाही. कुजकी तुळई काढून तिथं जुन्या ताडाची नवी तासून बसवली आणि आजूबाजूच्या विटा चुन्यात पुन्हा रचल्या. टेकू होते तेवढे दिवस जन्नल फळ्यांनी बंद होती. अक्का रोज सकाळी कॉफी घेऊन पुढच्या दारानं अण्णांच्या तिण्णैवर जायच्या. चार पावलांचं अंतर. “लांब पडतं,” म्हणायच्या.

टेकू काढले त्या दिवशी मी नवी काच लावली. जिप्सम माझंच, अण्णांना हात लावू दिला नाही. तारीख मात्र त्यांनीच घातली. माझं अक्षर वाचवत नाही म्हणाले. मग मी दोघांना जन्नलच्या दोन बाजूंना बसवलं आणि ती काच कशाकरता आहे ते सांगितलं. तंजावुरी मराठीत, दोनदा, आणि मग तमिळमध्ये.

“म्हणजे ही औषध नव्हे?” अक्का म्हणाल्या. “मला वाटलं भिंतीला पट्टी बांधलीस.”

“नव्हे. ही नुसती निरोप्या आहे.”

अण्णांना ते आधीपासून कळलं होतं, असा माझा संशय आहे. नाहीतर पुड्यांवर वार कोण लिहून ठेवतो?

लॉज झाला. तीन मजले, वर पाण्याची काळी टाकी. दुपारी त्याची सावली पहिल्या तीन घरांवर पडते आणि तिथल्या तिण्णैवर आता कोणी पापड वाळत घालत नाही. पुढच्या वर्षी उरलेल्या दहा घरांचं नाव यादीत लागलं. राघवेंद्र रावांनी ती बातमी मला स्वतः येऊन सांगितली नाही, पोस्टकार्ड टाकलं. माझी कोणाशी ओळख करून देताना ते अजूनही म्हणतात, “मॅडम फार प्रामाणिक. त्यांच्यामुळेच आमच्या सांदूला लॉज आहे.” ते खोटं बोलत नाहीत.

त्यानंतरच्या कार्तिकात, चार दिवस पाऊस लागून राहिला असताना, सकाळी अक्कांचा फोन आला.

“सुधा, काच मोडली. आमी कोणी हात लावलों नाही. तुकडे खाली पडले आहेत, तेही तसेच आहेत. तू ये.”

मी छत्री न घेता निघाले. आत अक्का आणि अण्णा भिंतीपासून हातभर लांब उभे होते, एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यापुढं उभं राहावं तसे. मी तड्यावर पेन्सिलीनं केलेल्या खुणा मोजल्या. पुन्हा मोजल्या. तसूभर फरक नव्हता. भिंत जागची हलली नव्हती. पाया कोरडा, पाट वाहता. मग काच कशानं मोडली? अक्का जमिनीकडे बघत होत्या.

“माझाच टंबलर लागला,” शेवटी त्या म्हणाल्या. “कॉफी देतांना. पण तू सांगिटली होतीस, मोडली तर कळवा म्हणून. म्हणून कळवलं.”

मी वहीत लिहिलं: ‘ग्लास ब्रोकन. कॉज: कॉफी.’ ती नोंद माझ्या सगळ्या नोकरीतली सगळ्यात खरी रीडिंग आहे असं मला वाटतं. त्या दिवशी मी भात न खाता परत आले नाही.

आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी टेल-टेल लावायला पाठवते तेव्हा दोनच गोष्टी सांगते. एक, जाण्याआधी फोन करू नका. आणि दुसरी, घरातल्या माणसांना समोर बसवून सांगा की ही काच मोडण्यासाठीच लावलेली आहे.